'संवेदनशील' क्षेत्र : माधव गाडगीळ यांचा अभ्यासमार्ग आणि भाषांचा प्रश्न

श्रीपेरुंबुदूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहत असताना अनुवादविचाराच्या वर्गात विद्यार्थ्यांना मी एक लहानसे काम दिले होते. पश्चिम घाटाविषयीच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली सादर केलेल्या इंग्रजी अहवालात ज्या प्रदेशांना विशेष जपणुकीची गरज आहे असे म्हटले आहे, त्यांना आपापल्या भाषेत काय म्हणतात, एवढेच शोधून आणावयाचे होते. मल्याळम जाणणाऱ्यांनी 'परिस्थिति-लोल' हा शब्द आणला. कानडी जाणणाऱ्यांनी 'परिसर-सूक्ष्म' असे सांगितले. तमिळ विद्यार्थी 'उणर्तिरन्', म्हणजे जाणण्याची शक्ती, या शब्दाभोवती घोटाळत राहिले; त्यांच्यापैकी काहींना तो शब्द यंत्राच्या वर्णनास शोभेल, डोंगराच्या नव्हे, असे वाटले. मराठीचा शब्द मला स्वतःला ठाऊकच होता : 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र'.

हा मराठी शब्द फळ्यावर लिहिताना माझे मलाच थबकायला झाले. मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्या माणसाच्या मनात 'संवेदनशील' हे विशेषण दोनच ठिकाणी रुजलेले आहे. एक कवीचे मन, आणि दुसरे जेथे दंगलीची शक्यता असल्याने जादा पोलीस ठेवावे लागतात ते गाव किंवा मतदानकेंद्र. सिंधुदुर्गातील अथवा कोल्हापुरातील एखाद्या गावकऱ्यास 'तुमचे गाव संवेदनशील म्हणून जाहीर होणार आहे' असे सांगितले, तर त्याच्या मनात कवी येण्याचा संभव फार थोडा. कानडीची स्थितीही याहून बरी नाही. तेथेही मतदानकेंद्र 'सूक्ष्म'च असते. तमिळ मात्र अशा केंद्रास 'पदट्रमान', म्हणजे तणाव असलेले, असे वेगळे विशेषण लावते. मल्याळममधील 'लोल' हा शब्द सर्वांत सुंदर आहे. नाजूक, हळुवार असा त्याचा अर्थ. मूळ संस्कृतात हिंदकळणारे, थरथरणारे. आपल्या 'लोलका'त तोच आहे. तथापि याच अहवालाला सर्वांत उग्र विरोध झाला तो मल्याळम बोलणाऱ्या प्रदेशात. तेव्हा एका शब्दावर सारा भार टाकता येत नाही, हेही आरंभीच ध्यानात घ्यावयास हवे.

ज्या समितीचा हा अहवाल, तिचे अध्यक्ष माधव गाडगीळ. शास्त्रज्ञ म्हणून त्यांची कारकीर्द सर्वज्ञात आहे आणि तिची जंत्री येथे देण्याचा हेतू नाही. गणिती परिस्थितिकीत हार्वर्ड विद्यापीठाची पदवी मिळविलेला एक पुणेकर अभ्यासक पर्यावरणाच्या राजकारणापर्यंत कोणत्या वाटेने गेला, आणि त्या वाटेवर भाषेचा प्रश्न त्यास पुनःपुन्हा कसा आडवा आला, हे पाहावयाचे आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, अशी शंका कोणी घेईल. माझ्या मते हा विषय निम्मा तरी आपलाच आहे.

गाडगीळांचा जन्म २४ मे १९४२ रोजी पुण्यात झाला. वडील धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक, सहकारी साखर कारखानदारीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, आणि पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. गोदावरी-प्रवरा कालव्यांच्या पाण्याने नगरच्या शेतीत काय फरक पडला याची त्यांनी केलेली पाहणी हा भारतीय अर्थशास्त्रातील एक पायंडा मानला जातो. गावोगाव जाऊन प्रत्यक्ष विचारायचे, मोजायचे आणि मग बोलायचे, ही रीत मुलाने घरातच पाहिली. शेजारी इरावती कर्वे. पाखरांविषयी शंका आली की पत्राने विचारण्यासाठी सालिम अली. असे शेजार आणि अशी पत्रोत्तरे लाभणे हा योगायोगच. पण पुढील आयुष्यात माणूस आणि निसर्ग यांना वेगळे न काढण्याची जी वृत्ती त्यांच्या लेखनात दिसते, तिचे बीज अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र आणि पक्षिनिरीक्षण यांच्या या सहवासात शोधावे लागते.

फर्ग्युसन महाविद्यालय, मुंबई विद्यापीठ आणि १९६९ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. अशी वाटचाल करून ते १९७१ मध्ये भारतात परतले. तिकडे राहिले असते तर गणिती परिस्थितिकीत मोठे नाव मिळविण्याजोगे त्यांचे आरंभीचे काम होते. पुण्यास आल्यावर महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर त्यांनी जो विषय हाती घेतला तो मात्र समीकरणांचा नव्हता. तो देवरायांचा होता.

देवराई हा शब्दच पाहावा. इंग्रजीत त्यास जे दोन शब्दांचे नाव आहे त्यात पावित्र्य हा झाडांचा गुण होतो. मराठीत ती देवाची राई आहे. मालकी देवाची, म्हणून ती कोणा एकाची नव्हे. केरळात 'कावू', कोडगूत 'देवरकाडु', तमिळनाडूत 'कोविल काडु', राजस्थानात 'ओरण' : या प्रत्येक शब्दात मालकीची आणि मनाईची थोडी वेगळी कल्पना आहे. गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७५ व १९७६ मध्ये जे लेख प्रसिद्ध केले, त्यांत महाराष्ट्रातील अशा रायांची नोंद करून ही प्रथा जतनाचीच एक व्यवस्था आहे असे मांडले. आज हे मत इतके रूढ झाले आहे की त्यात काही धाडस होते असे वाटत नाही. पण त्या काळी वनशास्त्राच्या दृष्टीने देवराई म्हणजे न तोडलेले लाकूड आणि सुधारकाच्या दृष्टीने ती अंधश्रद्धा. दोघांनाही ती राखणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची गरज वाटत नव्हती.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची हकीकत या संदर्भात गाडगीळ सांगत असत. तेथील राई तोडीस जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी ती वाचविण्यासाठी या अभ्यासकांकडे मदत मागितली. त्यांचे कारण केवळ देवीचे नव्हते. राई गेली तर गावचा ओढा आटेल, हेही त्यांनी सांगितले. राई वाचली. या लहानशा घटनेत पुढील सर्व काही आहे असे मला वाटते. श्रद्धेच्या भाषेत साठविलेले एक जलशास्त्र आहे, ते सांगणारी माणसे आहेत, आणि त्यांचे म्हणणे कार्यालयास समजेल अशा भाषेत मांडणारा एक मध्यस्थ आहे. अभ्यासक येथे अनुवादकाच्या जागी उभा आहे. आपल्या अनुवादमीमांसेत या प्रकारच्या अनुवादास अद्याप नाव नाही.

१९७३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले, तेथे पुढे १९८३ मध्ये परिस्थितिकी विज्ञान केंद्र उभे राहिले, आणि २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तीच त्यांची कर्मभूमी राहिली. तेथील आरंभीच्या कामांपैकी बांबूचे काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. कर्नाटकातील बांबू झपाट्याने संपत होता. कागद कारखान्यांना तो सरकारकडून नाममात्र दराने, टनामागे दीड रुपया अशा दराने मिळत असे. बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने, शेकडो पटींनी महाग घ्यावा लागे. बांबू का संपतो? कारखाने म्हणत, गावकरी आणि त्यांची गुरे यांमुळे. गावकरी म्हणत, कारखान्यांमुळे. १९७५ मध्ये राज्य सरकारच्या सांगण्यावरून गाडगीळांनी पाहणी सुरू केली.

तिच्यातील एक तपशील असा. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. वनविभागाच्या शिरस्त्याप्रमाणे ही जाळी साफ करावयाची, म्हणजे बेट मोकळे होऊन जोमाने वाढेल. गावकऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते : काटे काढले की नव्या कोंबांना राखणच उरत नाही, गुरे आणि रानातील जनावरे ते खाऊन टाकतात. प्रत्यक्ष मोजणीत गावकरी खरे ठरले. पुस्तकातले वनशास्त्र चुकीचे होते आणि चुकीचे असूनही तेच नियम होते. यापुढे गाडगीळांच्या लेखनात एक सूर कायमचा आला. शास्त्र म्हणजे शास्त्रज्ञ सांगतो ते नव्हे. जे कोणीही तपासू शकतो आणि खोडू शकतो ते. म्हणून शास्त्र आणि लोकशाही ही दोन वेगळी मूल्ये नसून एकाच वृत्तीची दोन रूपे होत, असे ते मानीत. मोजमाप करणाऱ्याने कोणाच्याही बाजूस नसावे असे आपण शिकतो. त्यांचा अनुभव असा की प्रामाणिकपणे मोजले तर मोजमापच कोणाच्या तरी बाजूस जाऊन उभे राहते.

या कारकीर्दीचा जो भाग मराठी वाचकास, निदान दलित साहित्य वाचून वाढलेल्या माझ्यासारख्यास, अस्वस्थ करतो, तोही सांगितला पाहिजे. मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर गाडगीळांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जातींचा अभ्यास केला आणि १९८३ मध्ये त्यावर आधारित एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच प्रदेशात फिरणारे नंदीवाले, फासेपारधी आणि वैदू यांची शिकार वेगळी आणि शिकारीची साधनेही वेगळी. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरीत. फासेपारधी फास लावून काळवीट आणि पक्षी. वैदू मुंगूस, खेकडे, कासवे यांसारखे लहान जीव. म्हणजे एका रानात निरनिराळे पक्षी जसे निरनिराळे खाद्य वाटून घेतात तसे. प्रत्येक जातीची मिरासदारी वेगळी असल्याने तिने आपल्या वाट्याचा निसर्ग पुढच्या पिढीसाठी राखून वापरावा यात तिचाच लाभ होता, असा त्या निबंधाचा आशय. इरावतीबाईंच्या जातिविषयक मांडणीची छाया त्यावर स्पष्ट दिसते.

निरीक्षणे सूक्ष्म आहेत, त्यांबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'वाटून घेणे' या क्रियापदाशी. पक्षी वाटून घेत नाहीत आणि पारध्यानेही वाटून घेतले नाही; त्याच्या वाट्यास जे सोडले गेले ते त्याने घेतले. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांची विभागणी आहे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्येच दाखविले होते. आणि इतिहासाच्या बाजूने सुमित गुहा यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अशा स्थिर, शतकानुशतके तशाच राहिलेल्या समाजचित्रावर आक्षेप घेतला आहे. गाडगीळांनी जातीच्या अन्यायाचे समर्थन केले असे कोणी म्हणू नये. रामचंद्र गुहा यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथांत विषमतेचे भान ठळक आहे. पण परिस्थितिकीची परिभाषा माणसांच्या व्यवस्थेस लावली की दुःख हे अनुकूलन म्हणून दिसू लागते, हा धोका त्या भाषेतच आहे.

येथे मला राहते ठिकाण आठवते. श्रीपेरुंबुदूर ज्या कांचीपुरम जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात उत्तरमेरूर आहे. परांतक चोळाच्या काळातील, इसवी सन ९१९ आणि ९२१ च्या सुमाराच्या तेथील शिलालेखांत ग्रामसभेच्या निवडणुकीचे नियम कोरलेले आहेत. घड्यात चिठ्ठ्या टाकून सभासद निवडायचे आणि त्यांच्या निरनिराळ्या समित्या करायच्या. त्यांत एक 'एरि-वारियम', म्हणजे तलावाची देखरेख करणारी समिती. हजार वर्षांपूर्वी तलावासाठी निवडून आलेली समिती असावी, हे वाचून पर्यावरणाचा अभ्यासक हरखून जातो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच शिलालेखांत पात्रताही लिहिली आहे : कर भरणारी जमीन, स्वतःच्या जागेवर घर आणि वेदांचे ज्ञान. तलावाचे पाणी ज्यांच्या हातांनी शेतात जात असे त्यांच्यापैकी बहुतेकांची चिठ्ठी त्या घड्यात नव्हती. ग्रामसभेवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने हा शिलालेख संपूर्ण वाचावा.

रामचंद्र गुहा यांच्यासह १९९२ मध्ये गाडगीळांनी भारताचा परिस्थितिकीय इतिहास लिहिला, आणि १९९५ मध्ये परिस्थितिकी व समता यांविषयीचे दुसरे पुस्तक. या दुसऱ्या पुस्तकातील त्रिविध वर्गीकरण प्रसिद्धच आहे. आपल्या आसपासच्या निसर्गावर जगणारे लोक. दूरदूरची साधनसामग्री ओढून आणून तिचा उपभोग घेणारे लोक, ज्यांना त्यांनी सर्वभक्षी प्राण्यांचे नाव दिले. आणि आपला परिसर उद्ध्वस्त झाल्याने शहरांच्या कडेला येऊन पडलेले परिस्थितिकीय निर्वासित. पैकी पहिली संज्ञा त्यांनी अमेरिकन परिस्थितिकीज्ञ रेमंड डॅसमन यांच्याकडून घेतली होती.

ही त्रयी मराठीत आणू लागले की मौज होते. 'सर्वभक्षी' हा मराठीत प्राणिशास्त्राचा शब्द राहतच नाही. तो अग्नीचे विशेषण आहे, आणि त्यात मूळ इंग्रजी संज्ञेत नसलेला दोषारोप आपोआप येतो. मूळ लेखकांनाही तो नको होता असे म्हणवत नाही. 'निर्वासित' हा शब्द फाळणीने अडवून ठेवला आहे. उलट ज्या अनुभवासाठी ही संज्ञा घडविली त्यासाठी मराठीने स्वतःचे शब्द आधीच केले होते : 'धरणग्रस्त', 'प्रकल्पग्रस्त'. 'ग्रस्त' म्हणजे गिळलेला. सूर्य-चंद्रास ग्रहणात जे होते ते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी सत्याग्रह केला तेव्हापासून कोयनेपर्यंत आणि पुढेही या प्रदेशाने जे भोगले त्याचा सारांश त्या एका प्रत्ययात आहे. तो कोणा विद्वानाने घडविलेला नाही. मोर्चे, निवेदने आणि सरकारी कागद यांच्या घर्षणातून तो आला. पर्यावरणाच्या राजकारणाची परिभाषा इंग्रजीत जन्मते आणि मग भारतीय भाषांत उतरते, असे आपण गृहीत धरतो. निदान या बाबतीत गोष्ट उलटी आहे.

मात्र आपले साहित्य या शब्दांच्या मागोमाग चालले का? सायलेंट व्हॅलीच्या वादात, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, केरळ शास्त्रसाहित्य परिषदेने प्रकल्पाचा हिशेब तपासून मांडला आणि त्याच वेळी सुगतकुमारींसारखे कवी मोहिमेत उतरले. पुढे एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रकल्पाचा विचार केला. गाडगीळ तिचे सदस्य होते. अरण्य वाचले, आणि त्यात आकडा आणि कविता यांनी एकमेकांस परके मानले नाही. मराठीत दोन धारा आहेत. एक निसर्गगद्याची : दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र', व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर', मारुती चितमपल्लींचे अरण्यलेखन. दुसरी विस्थापनाची : विश्वास पाटलांची 'झाडाझडती' हे तिचे ठळक उदाहरण. पहिलीत रान आहे आणि माणूस पाहुणा आहे. दुसरीत माणूस आहे आणि रान बुडून गेलेले आहे. दोहोंची गाठ क्वचितच पडते. गाडगीळांनी स्वतः मराठीत पुष्कळ लिहिले. 'वारूळ पुराण', 'उत्क्रांती : एक महानाट्य' ही पुस्तके, आणि २०२३ चे आत्मकथन 'सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी', जे इंग्रजीप्रमाणेच इतर भारतीय भाषांतही निघाले. या आत्मकथनाकडे शास्त्रज्ञाच्या आठवणी म्हणून न पाहता वरील दोन धारा जेथे मिळतात असे गद्य म्हणून पाहिले पाहिजे, असे मला सुचवावेसे वाटते. शीर्षकातील 'सह्याचला' हे संबोधनासारखे स्त्रीरूपही आपल्या परंपरेतूनच आले आहे.

आता त्या अहवालाकडे. त्याची सुरुवात तमिळनाडूत झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये निलगिरीतील कोटगिरी येथे पश्चिम घाट वाचविण्यासाठी झटणाऱ्या संस्थांची सभा भरली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश तेथे आले आणि पुढच्याच महिन्यात गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्ही. एस. विजयन, रमण सुकुमार, रेने बोर्जेस, निलगिरीचे बी. जे. कृष्णन आदी सदस्य होते. गुजरात ते तमिळनाडू सहा राज्ये, सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर. साऱ्या प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक चौकोनास वनस्पती, प्राणी, चढ, पाऊस इत्यादींवरून गुण देण्यात आले आणि त्यांवरून तीन श्रेणी सुचविण्यात आल्या. ('पश्चिम घाट' हे नावही एक भाषांतरदोषच आहे. मराठीत घाट म्हणजे डोंगरातून वर चढणारी वाट. परक्यांनी वाटेचे नाव पर्वतास दिले. पर्वत सह्याद्री.)

कडक संरक्षणाचा अहवाल म्हणून त्याची ख्याती झाली. वाचल्यावर मात्र वेगळे चित्र दिसते. श्रेणी आणि त्यांतील निर्बंध या सूचना आहेत. अखेरचा निर्णय ग्रामसभांपासून वर जात व्हावा, असे त्यात पुनःपुन्हा म्हटले आहे. सिंधुदुर्गातील पंचवीस ग्रामसभांनी आपला परिसर या संरक्षणाखाली घ्यावा असे ठराव केले होते, याची नोंद तेथे आहे. रत्नागिरी जिल्ह्याविषयीचा भाग तर प्रत्येक राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. लोटे येथील रासायनिक उद्योगवसाहतीत अकरा हजार माणसांना काम मिळाले, पण दाभोळ खाडीतील प्रदूषणामुळे वीस हजार मासेमारांची उपजीविका गेली असे मासेमारांचे म्हणणे समितीने नोंदविले आहे. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी होती, हेही त्यात आहे. परिस्थितिकीच्या अहवालात जमावबंदीच्या दिवसांची मोजणी! मला हा आकडा त्या साऱ्या कारकीर्दीचा सर्वांत अर्थपूर्ण आकडा वाटतो. पावसाचे दिवस मोजावेत तसे बोलण्यास मनाई असलेले दिवस मोजले आहेत, कारण दोन्ही त्या प्रदेशाच्या स्थितीचीच मापे होत.

३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर झाला आणि बंद राहिला. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, केंद्रीय माहिती आयोगाने तो प्रसिद्ध करावा असा निर्णय दिला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि हरले. मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोपर्यंत अफवांना नऊ महिने मिळाले होते. तो आला तोही इंग्रजीत. सहा राज्यांच्या गावांनी ज्यावर बोलावे तो मजकूर त्या गावांच्या भाषांत विश्वासार्ह रूपाने पोहोचविला गेला नाही, ही गाडगीळांची तक्रार अखेरपर्यंत राहिली. ग्रामसभेने निर्णय घ्यावा असे सांगणारा मजकूर ग्रामसभेला वाचता येत नव्हता.

ऑगस्ट २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमला गेला. एप्रिल २०१३ मध्ये त्याने सुमारे ३७ टक्के प्रदेश संरक्षणास योग्य ठरविला. उपग्रहचित्रांवरून निसर्गाचा प्रदेश आणि माणसांनी घडविलेला प्रदेश वेगळे काढले आणि पहिल्यासच संरक्षण सुचविले. स्थानिकांना आर्थिक निर्णयांत स्थान नाही अशा आशयाचे त्या अहवालातील विधान गाडगीळांना खटकले आणि मे २०१३ च्या खुल्या पत्रात त्यांनी ते संविधानविरोधी ठरविले. साहित्याच्या अभ्यासकास येथे निराळीच गोष्ट दिसावी. तमिळ संगमकाव्यात कुरिंजी, मुल्लै, मरुदम् हे भूप्रदेश प्राणी, पाणी, देवता, व्यवसाय आणि प्रेमाची अवस्था यांसकट एक आहेत. देवराईही त्याच जातीची. निसर्ग एका रंगात आणि माणूस दुसऱ्या रंगात दाखविणारा नकाशा या परंपरांना अगदी अनोळखी आहे.

२०१३ च्या नोव्हेंबरात केरळच्या डोंगराळ भागात उद्रेक झाला. त्या कल्लोळात दोन अहवालांतील फरक कोणाच्या ध्यानात राहिला नाही. 'गाडगीळ' हे आडनाव मल्याळममध्ये सामान्यनामच झाले. अहवालाची बाजू घेणारे इडुक्कीचे खासदार पी. टी. थॉमस यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली गेली आणि २०१४ मध्ये त्यांना उमेदवारी मिळाली नाही. या विरोधामागे खाणमालकांचे हितसंबंध होतेच. पण दोन-तीन पिढ्यांपूर्वी डोंगर चढून आलेल्या आणि जमिनीच्या कागदाविषयी कायम धास्तावलेल्या शेतकऱ्यांची भीतीही होती. ती भीती खरी होती. तिच्याशी त्यांच्या भाषेत, सावकाश, सभेत बसून बोलण्याचे काम कोणीच केले नाही, आणि समितीनेही ते पुरेसे केले असे मला वाटत नाही. अहवालाने ग्रामसभेवर भिस्त ठेवली. गद्य मात्र मंत्रालयास उद्देशून लिहिले.

पुढच्या घटना सर्वांस ठाऊक आहेत. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले. २०१८ मध्ये केरळात महापूर आला. २०२३ च्या जुलैत रायगडची इर्शाळवाडी गेली. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला नेमकी दहा वर्षे होत असता, वायनाडमधील मुंडक्कै आणि चूरलमला. दुसऱ्याच दिवशी संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना मसुद्याच्या रूपाने सहाव्यांदा निघाली. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी गाडगीळांना द्रष्टा म्हटले. ही स्तुतीही एक प्रकारचा चुकीचा अनुवादच होय. त्यांनी भविष्य सांगितले नव्हते. चढ, माती आणि पाऊस मोजले होते, आणि गावाला विचारा असे म्हटले होते.

श्रीपेरुंबुदूरला बाहेरचा माणूस दोन नावांनी ओळखतो : रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आणि २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली ते ठिकाण. १९८६ ते १९९० या काळात गाडगीळ पंतप्रधानांच्या विज्ञान सल्लागार परिषदेवर होते. दिल्लीत बसून सल्ला देण्याच्या त्या वाटेवरून ते पुढे गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांकडे वळले. आज येथे महामार्गाच्या दोहो बाजूंस मोटारींचे आणि विद्युत्साधनांचे कारखाने आहेत आणि त्यांच्या मागे एरी, म्हणजे बांध घालून अडविलेले जुने उथळ तलाव. याच जिल्ह्यात परंदूर येथे विमानतळ होणार असे २०२२ मध्ये जाहीर झाल्यापासून एकनापुरम या गावाच्या ग्रामसभेने त्याविरुद्ध एकामागून एक ठराव केले आहेत. त्यांत शेतजमिनीबरोबर तलावांचाही प्रश्न आहे.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला आणि त्याच्या नियमांनुसार प्रत्येक गावाने आपल्या परिसराची नोंदवही करावयाची आहे. तिची कल्पना मुख्यतः गाडगीळांची. कोणती झाडे, कोणते मासे, कोण काय वापरते, पूर्वी काय होते आणि आता काय नाही, हे गावातील जाणकारांनी सांगायचे आणि गावाच्या भाषेत लिहायचे. पुष्कळ ठिकाणी या वह्या ठेकेदारांनी एकमेकींवरून उतरवून पूर्ण केल्या, हे सर्वश्रुत आहे. जेथे त्या मनापासून झाल्या तेथे त्यांत शब्दकोशांत नसलेले शब्द आहेत. वर्गाच्या अखेरच्या आठवड्यात मी विद्यार्थ्यांना अहवाल बाजूस ठेवून आपापल्या गावच्या तलावासंबंधीचे शब्द आणावयास सांगितले. 'मदगु', म्हणजे पाणी सोडण्याचे दार. 'कलंगल', म्हणजे जादा पाण्याची सांडवाट. 'करै', म्हणजे बांध. एका विद्यार्थिनीने आजीला विचारून एकवीस शब्द लिहून आणले. त्यांपैकी सहा शब्द वर्गातील इतर तमिळ मुलांनी कधी ऐकले नव्हते, आणि त्यांचा अर्थ सांगताना तिलाही फळ्यावर तलावाचे चित्र काढावे लागले.